अवधीपासून हल्बीपर्यंत : रायपूरच्या विद्यापीठातील भाषा-अभ्यासाची वाटचाल

प्रास्ताविक

रायपूर शहराला पूर्व-पश्चिम छेदून जाणाऱ्या ग्रेट ईस्टर्न रोडच्या पूर्वेकडील भागात तेलीबांधा ही वस्ती व तिचा तलाव आहे, आणि त्याच रस्त्याच्या पश्चिम टोकाकडे, आमानाक्याच्या बाजूला, पंडित रविशंकर शुक्ल विश्वविद्यालयाचे आवार पसरलेले आहे. नागपूरहून राजनांदगाव, दुर्ग आणि रायपूर ओलांडून संबळपूरमार्गे कोलकात्याकडे जाणारा हा रस्ता मराठी, हिंदी, छत्तीसगढी, ओडिया आणि बंगाली या भाषांना जोडणारा धागा ठरला असून, या विद्यापीठातील भाषा आणि भाषाविज्ञान यांच्या अभ्यासाचा इतिहास समजून घेताना त्याची भौगोलिक जाणीव सतत ठेवावी लागते. भाषाविज्ञान म्हणजे कोणत्याही एका भाषेच्या शुद्धाशुद्धतेचा निवाडा करणारे शास्त्र नसून, मानवी भाषा कशा घडतात, त्यांच्या ध्वनींची, शब्दांची आणि वाक्यांची रचना कोणत्या नियमांनी चालते व काळाच्या ओघात त्या कशा बदलतात यांचा पद्धतशीर शोध घेणारे शास्त्र होय.

प्रस्तुत लेखात या अभ्यासाची पूर्वपीठिका, विद्यापीठाच्या स्थापनेचा काळ, भाषाविज्ञानाच्या अध्यापनाचे स्वरूप, मराठीशी असलेला त्याचा संबंध आणि परकीय भाषांच्या शिक्षणाला त्यातून मिळणारा आधार यांचा क्रमाने परामर्श घेतला आहे. या साऱ्या वाटचालीतून एक सूत्र पुन्हा पुन्हा पुढे येते. दाराशी बोलल्या जाणाऱ्या, लेखनपरंपरा तुटपुंजी असलेल्या बोलीकडे ज्या गांभीर्याने पाहावे लागते, त्याच गांभीर्याने दूरदेशीची भाषा शिकावी लागते. आणि या दोन्ही अभ्यासांची शिस्त एकच असल्यामुळे त्यांतील एकाची उपेक्षा झाली की दुसराही दुबळा होतो, हे ते सूत्र होय.

पूर्वपीठिका

छत्तीसगढवर नागपूरकर भोसल्यांची सत्ता अठराव्या शतकाच्या मध्यात प्रस्थापित झाली आणि बिंबाजी भोसले यांनी १७५८ ते १७८७ या काळात रतनपूर येथे राहून या प्रदेशाचा कारभार पाहिला. त्यांच्या काळापासून येथील राज्यकारभारात मराठी भाषेचा आणि मोडी लिपीचा प्रवेश झाला, कारकून व सरदार घराणी येथे स्थिरावली, आणि ज्या प्रदेशात लोकव्यवहार छत्तीसगढीत चालत होता तेथे कागदोपत्री व्यवहार वेगळ्या भाषेत होऊ लागला. १८१८ नंतर ब्रिटिश अधिकाऱ्यांनी कारभाराचे ठाणे रतनपूरहून रायपूरला हलविले व १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाल्यावर हा प्रदेश थेट इंग्रजी अमलाखाली आला. लोकांची भाषा, कारभाराची भाषा आणि शिक्षणाची भाषा अशा तीन पातळ्या एकाच गावात नांदण्याची स्थिती रायपूरच्या वाट्याला अशा रीतीने फार आधीपासून आली होती.

या परिस्थितीत छत्तीसगढीच्या शास्त्रीय अभ्यासाचा पहिला मोठा प्रयत्न एका शाळामास्तराने केला, ही गोष्ट या इतिहासात ठळकपणे नोंदवण्याजोगी आहे. धमतरीच्या शाळेत मुख्याध्यापक असलेल्या हिरालाल काव्योपाध्याय यांनी १८८५ मध्ये छत्तीसगढीचे व्याकरण सिद्ध केले. भाषाशास्त्रज्ञ जॉर्ज ग्रिअर्सन यांनी त्याचे इंग्रजी भाषांतर करून ते १८९० मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले आणि १९२१ मध्ये लोचनप्रसाद पांडेय यांनी विस्तारलेली त्याची आवृत्ती कलकत्त्याहून निघाली. ज्या बोलीला गावंढळ समजून तिच्याकडे दुर्लक्ष करण्याची शिकल्यासवरल्यांची प्रवृत्ती होती, त्या बोलीलाही विभक्ती, काळ, अर्थ आणि वचन यांची नेटकी व्यवस्था असते, हे हिरालाल यांनी दाखवून दिले.

पुढे ग्रिअर्सन यांच्या देखरेखीखाली झालेल्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणात १७९ भाषा आणि ५४४ बोली नोंदल्या गेल्या. या सर्वेक्षणात आजच्या छत्तीसगढातील भाषा शोधू गेल्यास एक खंड पुरत नाही. छत्तीसगढी ही अवधी आणि बघेली यांच्यासोबत पूर्वी हिंदीच्या सहाव्या खंडात, म्हणजे १९०४ च्या ग्रंथात आहे; बस्तरची हल्बी मराठीला वाहिलेल्या सातव्या, १९०५ च्या खंडात आहे; तर गोंडी व कुडुख या द्रविड भाषा आणि मुंडा कुळातील भाषा १९०६ च्या चौथ्या खंडात आहेत. कुळ म्हणजे एका मूळ भाषेपासून फुटत गेलेल्या भाषांचा समूह, आणि भारतातील भारतीय-आर्य, द्रविड व ऑस्ट्रो-आशियाई अशी तीन कुळे एकाच राज्याच्या सीमेत शेजारीशेजारी नांदत असल्यामुळे भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्याला याहून समृद्ध प्रयोगभूमी क्वचितच मिळेल.

परकीय भाषांच्या अभ्यासाचीही एक उज्ज्वल खूण रायपूरशी निगडित आहे. बहुभाषाविद हरिनाथ दे यांचे वडील भूतनाथ दे हे रायपूरमध्ये वकिली करीत आणि हरिनाथांचे बालपण याच शहरात गेले. १८७७ मध्ये जन्मलेल्या हरिनाथांनी कलकत्ता व केंब्रिज येथे शिक्षण घेतले, लॅटिन आणि ग्रीकपासून अरबी, फारसी, संस्कृत, पालीपर्यंत एकूण ३४ भाषांवर प्रभुत्व मिळविले अशी त्यांची ख्याती झाली, आणि १९०७ मध्ये ते कलकत्त्याच्या इंपीरियल लायब्ररीचे पहिले भारतीय ग्रंथपाल झाले. १९११ मध्ये अवघ्या चौतिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांना रायपूरमध्ये विद्यापीठ लाभले नव्हते. मात्र घरात बंगाली, रस्त्यावर छत्तीसगढी, शाळेत हिंदी व इंग्रजी ऐकत मोठ्या होणाऱ्या या शहरातील मुलांना भाषांची बहुविधता पुस्तकातून शिकावी लागत नसे, एवढे या उदाहरणावरून निश्चित म्हणता येते.

याच पूर्वपीठिकेत माधवराव सप्रे यांचे स्थान अढळ आहे. मराठी घरात जन्मलेल्या सप्रे यांनी १९०० मध्ये पेंड्रा येथून 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक सुरू केले, समर्थ रामदासांच्या दासबोधाचा आणि लोकमान्य टिळकांच्या गीतारहस्याचा हिंदी अनुवाद केला आणि काशीच्या नागरी प्रचारिणी सभेच्या शास्त्रीय परिभाषा-कोशाच्या कामात अर्थशास्त्राच्या संज्ञांसाठी परिश्रम घेतले. १९२६ मध्ये रायपूर येथे त्यांचे निधन झाले. एका भाषेतील विचार दुसऱ्या भाषेत नेताना शब्दाला शब्द ठेवून भागत नाही, तर त्या भाषेच्या स्वभावाला मानवेल अशी परिभाषा घडवावी लागते, हा धडा रायपूरच्या विद्याक्षेत्राला सप्रे यांच्या कार्यातून विद्यापीठाच्या कितीतरी आधी मिळाला होता.

नागपूर, सागर आणि रायपूर

विद्यापीठीय शिक्षणाच्या दृष्टीने रायपूर प्रथम नागपूरशी जोडलेले होते. मध्य प्रांत व वऱ्हाड यांच्यासाठी १९२३ मध्ये नागपूर विद्यापीठ स्थापन झाले आणि १९३८ मध्ये रायपूरमध्ये सुरू झालेले छत्तीसगढ महाविद्यालय त्याच्या छत्राखाली आले. १९४६ मध्ये सर हरिसिंग गौर यांच्या दानातून सागर विद्यापीठ उभे राहिल्यावर प्रांतातील हिंदीभाषक भागाच्या उच्च शिक्षणाचे केंद्र हळूहळू सागरकडे सरकले, आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेनंतर नागपूर मुंबई राज्यात व रायपूर नव्या मध्य प्रदेशात गेल्याने शतकभराहून जुना प्रशासकीय बंध तुटला. रस्ता मात्र तोच राहिला. त्याच रस्त्यावरील राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात १९५८ पासून गजानन माधव मुक्तिबोध हिंदीचे अध्यापन करीत होते. मराठी ही मातृभाषा असलेला हा कवी हिंदी काव्याचा युगप्रवर्तक ठरला आणि त्यांचे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध मराठी कवी म्हणून मान्यता पावले, ही घटना या पट्ट्यातील भाषिक सीमा किती सच्छिद्र होत्या याचा पुरावाच आहे.

स्थापना आणि पहिले कुलगुरू

मध्य प्रदेशचे पहिले मुख्यमंत्री आणि रायपूरचे रहिवासी पंडित रविशंकर शुक्ल यांच्या नावाने १ मे १९६४ रोजी रायपूर येथे विद्यापीठ अस्तित्वात आले. आरंभी त्याचे नाव 'रविशंकर विश्वविद्यालय' असे होते. पूर्ण नावाचा वापर पुढे रूढ झाला. छत्तीसगढातील सर्वांत जुन्या राज्य विद्यापीठांपैकी हे एक असून बिलासपूर, बस्तर व दुर्ग येथील स्वतंत्र विद्यापीठे निघेपर्यंत मैकल डोंगरापासून इंद्रावतीच्या खोऱ्यापर्यंतच्या महाविद्यालयांची जबाबदारी त्याच्याकडे होती.

नव्या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू म्हणून डॉ. बाबूराम सक्सेना यांची निवड झाली, आणि भाषा-अभ्यासाच्या दृष्टीने ही निवड अत्यंत अर्थपूर्ण होती. येथे एक पारिभाषिक भेद ध्यानात घ्यायला हवा : हिंदी प्रदेशात त्या काळी 'कुलपति' हा शब्द ज्या पदासाठी वापरला जात असे, त्याला मराठीत 'कुलगुरू' म्हणतात आणि मराठीतील 'कुलपती' हे पद त्याहून वरचे असते; रूप एक असूनही अर्थ निराळा असलेल्या अशा शब्दजोड्या भाषांतरकाराची कसोटी पाहतात. डॉ. सक्सेना हे अलाहाबाद विद्यापीठात संस्कृतचे अध्यापन केलेले ख्यातनाम भाषाशास्त्रज्ञ होते. अवधीच्या विकासावरील त्यांचा इंग्रजी प्रबंध हा एका बोलीचा इतिहास आणि तिचे वर्तमान रूप दोन्ही अंगांनी तपासणाऱ्या भारतीय संशोधनातील मानदंड मानला जातो. 'सामान्य भाषाविज्ञान' या त्यांच्या पाठ्यपुस्तकाने हिंदी माध्यमातून शिकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या पिढ्यांना या शास्त्राची ओळख करून दिली, तर दख्खनी हिंदीवरील त्यांचे लेखन मराठी वाचकाला विशेष जवळचे आहे. कारण दख्खनी म्हणजे उत्तरेची बोली दक्षिणेत येऊन मराठी, तेलुगू आणि कन्नड यांच्या सहवासात घडलेले रूप होय.

ग्रिअर्सन यांच्या वर्गीकरणात अवधी आणि छत्तीसगढी या एकाच पूर्वी हिंदी गटातील बहिणी ठरतात, हे वर सांगितलेच आहे. ज्या विद्वानाने आयुष्यातील सर्वांत मोठे काम या बहिणींपैकी एकीवर केले, तोच दुसरीच्या माहेरी विद्यापीठ उभारण्यासाठी आला. नव्या विद्यापीठाने भाषाविज्ञानाला स्वतंत्र विषयाचा दर्जा दिला, त्यामागची बौद्धिक भूमी समजण्यास हा योगायोग पुरेसा बोलका आहे. देशातही हा काळ अनुकूल होता. पुण्याच्या डेक्कन कॉलेजची १९३९ मध्ये पदव्युत्तर व संशोधन संस्था म्हणून पुनर्घटना झाल्यानंतर डॉ. सु. मं. कत्रे यांच्या नेतृत्वाखाली तेथे भाषाविज्ञानाचे मोठे केंद्र उभे राहिले होते आणि १९५५ पासून भरू लागलेल्या उन्हाळी वर्गांतून नव्या वर्णनात्मक पद्धतीचे शिक्षण घेतलेले अध्यापक देशभरातील विद्यापीठांत पोहोचू लागले होते.

भाषाविज्ञानाचे अध्यापन

विद्यापीठात भाषाविज्ञानाचे अध्यापन सुरुवातीच्या वर्षांतच रुजले आणि पुढे हिंदी, इंग्रजी आदी विषयांसह ते 'साहित्य एवं भाषा अध्ययनशाला' या छत्राखाली आले. साहित्य आणि भाषा यांना एकाच शाळेत ठेवण्याची ही रचना महत्त्वाची आहे, कारण साहित्याचा अभ्यासक लिखित संहितेकडे पाहतो तर भाषाविज्ञानाचा अभ्यासक बोलल्या जाणाऱ्या भाषेला प्रथम स्थान देतो आणि या दोन दृष्टी एकमेकींना पूरक ठरतात.

या अध्यापनाचा आरंभ ध्वनीपासून होतो. विद्यार्थ्याला प्रथम स्वतःच्या तोंडातील जीभ, टाळू, ओठ आणि स्वरतंतू यांच्या हालचालींकडे लक्ष द्यायला शिकविले जाते. त्यानंतर आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपी, म्हणजे प्रत्येक ध्वनीसाठी एकच चिन्ह ठेवणारी सर्व भाषांसाठीची लेखनपद्धती, आत्मसात करावी लागते. पुढची पायरी स्वनिमाची. ज्या ध्वनीच्या बदलाने अर्थ बदलतो तो ध्वनी त्या भाषेत स्वनिम ठरतो : मराठीत 'काल' आणि 'काळ' यांत केवळ शेवटच्या व्यंजनाच्या फरकाने अर्थ पालटतो, म्हणून ल आणि ळ हे मराठीचे दोन स्वतंत्र स्वनिम आहेत, तर छत्तीसगढीत ळ हा ध्वनीच अर्थभेदासाठी वापरला जात नाही. अशा एका ध्वनीने वेगळ्या झालेल्या शब्दांच्या जोडीला न्यूनतम युग्म म्हणतात, आणि अपरिचित भाषेची ध्वनिव्यवस्था शोधण्याचे ते सर्वांत खात्रीचे साधन आहे.

त्यानंतर रूपिमाचा, म्हणजे अर्थ असलेल्या लहानात लहान घटकाचा, विचार येतो. छत्तीसगढीत अनेकवचन करण्यासाठी नामाला 'मन' जोडतात आणि मोजताना 'दू ठन' असे म्हणत संख्येनंतर 'ठन' हा वर्गदर्शक शब्द घालतात. शाळेत केवळ हिंदी व्याकरण शिकलेल्या विद्यार्थ्याला ही रूपे अनियमित किंवा अशुद्ध वाटतात. भाषाविज्ञानाचा विद्यार्थी मात्र त्यांतील नियम शोधून मांडतो. सर्वेक्षणाच्या कामात तो खेड्यात जाऊन ठरावीक शब्दयादी आणि वाक्ये विचारतो, उत्तरे ध्वनिलिपीत उतरवून घेतो, एकाच गोष्टीसाठी वेगवेगळ्या वयाच्या व समाजांच्या भाषकांनी दिलेल्या उत्तरांची तुलना करतो आणि मगच निष्कर्ष काढतो. ज्याला सूचक म्हणतात, तो आपली भाषा सांगणारा माणूस शेतकरी, मजूर किंवा गृहिणी असू शकतो, आणि त्या प्रसंगी शिक्षक तोच असतो. विद्यापीठाच्या साऱ्या ज्ञानव्यवहारात गुरु-शिष्यांचे नाते असे उलटे होण्याची वेळ क्वचित येते, आणि म्हणूनच या शास्त्राचे नैतिक मूल्य त्याच्या बौद्धिक मूल्याइतकेच मोठे आहे.

या अभ्यासाला रायपूरमध्ये भक्कम आकार देण्याचे श्रेय डॉ. रमेशचंद्र मेहरोत्रा यांच्याकडे जाते. हिंदीची ध्वनिव्यवस्था, मानक हिंदीचे लेखन व व्याकरण, आणि छत्तीसगढीचे कोशकार्य अशा तिन्ही क्षेत्रांत त्यांनी काम केले आणि शास्त्रीय शिस्तीचा आग्रह धरीत असतानाच सामान्य वाचकाला शब्दांचे बारकावे समजावून देणारे लेखनही सातत्याने केले. त्यांच्यानंतरच्या पिढीत डॉ. चित्तरंजन कर यांनी ही परंपरा पुढे नेली. छत्तीसगढीच्या उगमाचा व विकासाचा शोध घेणारे डॉ. नरेंद्रदेव वर्मा हे भाषाशास्त्रज्ञ आणि कवी दोन्ही होते. राज्याने २०१९ मध्ये स्वीकारलेले राज्यगीत त्यांच्याच लेखणीतून उतरलेले आहे. डॉ. कांतिकुमार जैन यांचा छत्तीसगढी बोली, व्याकरण व कोश यांवरील ग्रंथ आणि डॉ. भालचंद्र राव तेलंग यांचे छत्तीसगढी, हल्बी व भतरी या बोलींचे भाषावैज्ञानिक विवेचन ही कामेही याच ज्ञानक्षेत्राला बळ देणारी आहेत. विद्यापीठाच्या ग्रंथालयाला ज्यांचे नाव दिले आहे, ते पंडित सुंदरलाल शर्मा छत्तीसगढीतील 'दानलीला' या काव्याचे कर्ते होते, आणि ज्ञानाच्या भांडाराच्या दारावर लोकभाषेच्या कवीचे नाव असणे या परंपरेला शोभणारे आहे.

हल्बी आणि मराठी

मराठी वाचकाच्या दृष्टीने या सर्व अभ्यासातील सर्वाधिक जिव्हाळ्याचा भाग हल्बीचा आहे. बस्तरमध्ये गोंडी, धुरवी, भतरी, ओडिया अशा निरनिराळ्या भाषा बोलणारे लोक बाजारात आणि दरबारात एकमेकांशी ज्या भाषेत बोलत आले, ती हल्बी होय; अशा भाषेला संपर्कभाषा म्हणतात. २०११ च्या जनगणनेत ७,६६,२९७ लोकांनी ती आपली मातृभाषा असल्याचे सांगितले. भारतीय भाषांच्या सर्वेक्षणाचा मराठी खंड नॉर्वेचे भाषाशास्त्रज्ञ स्टेन कोनो यांनी तयार केला आणि तेथे हल्बीचा समावेश मराठीसोबत झाला. तिच्यातील षष्ठीचा 'चो' हा प्रत्यय मराठीच्या 'चा'ची आठवण करून देतो, 'माझा' या अर्थी 'मोचो' असे रूप येते आणि भूतकाळात मराठीप्रमाणे 'ल' दिसतो. तथापि भूतकाळातील 'ल' ओडिया व बंगालीतही आहे आणि हल्बीच्या इतर अनेक रूपांचे नाते छत्तीसगढीशी व ओडियाशी जुळते. त्यामुळे हल्बी मराठीची बोली म्हणावी, की पूर्वेकडील भाषांत तिची गणना करावी, की संपर्कातून घडलेली स्वतंत्र भाषा मानावी, या प्रश्नावर अभ्यासकांत मतभेद आहेत.

हा मतभेद विद्यार्थ्यासाठी अतिशय मोलाचा आहे, कारण साम्य दिसले की नाते मानण्याची घाई किती धोक्याची असते हे त्यातून कळते. छत्तीसगढीत 'मोला', 'तोला' अशी चतुर्थीची रूपे आहेत आणि मराठीत 'मला', 'तुला'. या 'ला'वरून दोन्ही भाषा एकाच उपशाखेच्या ठरवता येत नाहीत. साम्याची कारणे तीन असू शकतात : समान वारसा, सहवासातून झालेली देवाणघेवाण आणि निव्वळ योगायोग. यांपैकी कोणते कारण कुठे लागू पडते हे ठरविण्यासाठी ध्वनिबदलांचे नियम तपासावे लागतात, आणि येथेच भाषाविज्ञान हे हौशी शब्दव्युत्पत्तीपासून वेगळे होते. मराठीतील 'आम्ही' आणि 'आपण' हा भेद, म्हणजे ऐकणाऱ्याला वगळणारे आणि त्याला सामावून घेणारे बहुवचन, द्रविड भाषांत ठळकपणे आढळतो; गोंडीच्या शेजारी बसून मराठीकडे पाहिले की आपल्याच भाषेची अशी अंगे नव्याने दिसू लागतात.

बस्तरच्या भाषांचे महत्त्व जगाने ओळखले होते. ऑक्सफर्डचे संस्कृत प्राध्यापक टी. बरो आणि भारतीय मानववंशशास्त्र विभागाचे सुधीभूषण भट्टाचार्य यांनी बस्तरमधील पर्जी या द्रविड भाषेवर संयुक्त ग्रंथ लिहून तो १९५३ मध्ये प्रसिद्ध केला. पुढे बरो व भाषाशास्त्रज्ञ एमेनो यांनी १९६१ मध्ये प्रकाशित केलेल्या द्रविड व्युत्पत्तिकोशात अशा लहान भाषांतील शब्दांना तमिळ व तेलुगूच्या शब्दांइतकेच पुराव्याचे मोल मिळाले. जगाच्या विद्याकेंद्रांतून अभ्यासक जेथे येत होते, त्या प्रदेशाच्या मध्यवर्ती शहरात भाषाविज्ञानाचे पीठ असणे ही म्हणूनच प्रादेशिक सोयीपुरती बाब राहत नाही.

परकीय भाषांच्या शिक्षणाचा पाया

परकीय भाषा शिकविण्यासाठी भाषाविज्ञान कोणते साहाय्य करते, हे रायपूरच्या वर्गात बसणाऱ्या विद्यार्थ्यांच्या उदाहरणाने स्पष्ट होते. अमेरिकन अभ्यासक रॉबर्ट लॅडो यांनी १९५७ मध्ये मांडलेल्या व्यतिरेकी विश्लेषणाच्या पद्धतीत शिकणाऱ्याची मातृभाषा आणि शिकायची भाषा यांची घटक-घटक तुलना करून अडचणींची ठिकाणे आधीच हेरली जातात. आता लिंगव्यवस्थेचा विचार केला, तर छत्तीसगढीत मुलगा असो की मुलगी, क्रियापद 'जाथे' असेच राहते. हिंदीत 'जाता है' आणि 'जाती है' असा भेद होतो. मराठीत पुल्लिंग, स्त्रीलिंग आणि नपुंसकलिंग अशी तीन लिंगे आहेत. फ्रेंचमध्ये हिंदीप्रमाणे दोन आणि जर्मनमध्ये मराठीप्रमाणे तीन लिंगे आढळतात. याचा अर्थ असा की, छत्तीसगढी घरातून आलेल्या मुलाला शाळेची हिंदीसुद्धा एका महत्त्वाच्या अंगाने परकी भाषेसारखी शिकावी लागते, आणि त्याच्या चुका आळसातून किंवा अज्ञानातून झालेल्या नसून मातृभाषेच्या नियमशीर प्रभावातून झालेल्या असतात. ही जाणीव ज्या शिक्षकाला असते, तो विद्यार्थ्याला हिणवत नाही.

ध्वनींच्या बाबतीतही असेच दिसते. मराठीतील 'चाक' किंवा 'चमचा' या शब्दांच्या आरंभी येणारा दंततालव्य 'च' जर्मनमधील 'त्स' या ध्वनीच्या अगदी निकट आहे, त्यामुळे मराठी विद्यार्थ्याला तो सहज जमतो. हिंदी किंवा छत्तीसगढी बोलणाऱ्याला मात्र त्याचा सराव करावा लागतो. याउलट फ्रेंचमधील अनुनासिक स्वर हिंदी व छत्तीसगढी भाषकांना ओळखीचे वाटतात, तर प्रमाण मराठीतून अनुनासिक स्वरांचा अर्थभेदक वापर जवळजवळ लोपला असल्याने मराठी विद्यार्थ्याला तेथे अधिक कष्ट पडतात. प्रत्येक मातृभाषा परक्या भाषेकडे जाणारी काही दारे उघडी ठेवते आणि काही बंद, आणि कोणते दार कुठे आहे हे सांगणारा नकाशा भाषाविज्ञान पुरविते.

परकी भाषा स्वभाषेच्या ज्ञानासाठीही आवश्यक ठरते, याचे मराठीइतके ठळक उदाहरण दुसरे नाही. मराठी भाषेच्या घडणीचा पहिला शास्त्रशुद्ध इतिहास झ्यूल ब्लॉक या फ्रेंच विद्वानाने फ्रेंचमध्ये लिहिला. १९२० मध्ये प्रसिद्ध झालेला तो ग्रंथ वासुदेव गोपाळ परांजपे यांनी १९४१ मध्ये मराठीत आणला, तेव्हा तो बहुसंख्य मराठी वाचकांच्या आवाक्यात आला. मधली दोन दशके आपल्या भाषेचा इतिहास वाचण्यासाठी मराठी माणसाला फ्रेंच येणे आवश्यक होते.

राज्यनिर्मितीनंतर

१ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगढ हे स्वतंत्र राज्य झाले आणि भाषा-अभ्यासाला नवे प्रयोजन मिळाले. २८ नोव्हेंबर २००७ रोजी विधानसभेने छत्तीसगढीला हिंदीसोबत राजभाषेचा दर्जा देणारे विधेयक संमत केले आणि त्यानंतर राजभाषा आयोगाची स्थापना झाली. जनगणनेच्या कोष्टकात छत्तीसगढीची गणना आजही हिंदीच्या अंतर्गत होते. तरीही २०११ मध्ये १,६२,४५,१९० लोकांनी ती मातृभाषा म्हणून नोंदवली, आणि ही संख्या युरोपातील अनेक राष्ट्रांच्या लोकसंख्येपेक्षा मोठी आहे. शाळेच्या सुरुवातीच्या वर्गांसाठी स्थानिक भाषांतील वाचनसाहित्य, कार्यालयीन परिभाषा, न्यायालयात व दवाखान्यात लागणारे दुभाषे, यंत्राला भाषा समजावी म्हणून लागणारे शब्दसंग्रह व ध्वनिमुद्रणे, या सर्व कामांना प्रशिक्षित भाषाशास्त्रज्ञ लागतात. बोलीचा अभिमान सभेत व्यक्त करता येतो. तिचा कोश, व्याकरण आणि लेखननियम मात्र वर्षानुवर्षे बसून करावे लागतात, आणि ती बैठक घडविण्याचे काम विद्यापीठाचे असते.

समारोप

तेलीबांधा या नावाकडे भाषाविज्ञानाच्या दृष्टीने पाहिले असता या लेखातील सूत्र एका शब्दात सामावलेले दिसते. छत्तीसगढीत 'बांधा' किंवा 'बंधा' म्हणजे तलाव; मराठीत 'बांध' म्हणजे शेताच्या कडेची किंवा पाणी अडविणारी मातीची भिंत; आणि दोन्हींचे मूळ संस्कृत 'बन्ध्' या धातूत आहे. एका भाषेने पाणी अडविणाऱ्या मातीला नाव दिले, दुसरीने अडलेल्या पाण्याला. डॉ. सक्सेना ज्या अर्थविज्ञानाचे अध्वर्यू होते, त्याच्या परिभाषेत याला अर्थसंक्रमण म्हणतात, म्हणजे वस्तूचे नाव तिच्याशी संलग्न असलेल्या दुसऱ्या वस्तूकडे जाणे. तलावाकाठच्या रस्त्यावर आज छत्तीसगढी, हिंदी, पंजाबी, सिंधी, ओडिया आणि मराठी या भाषा एकाच संध्याकाळी ऐकू येतात.

रायपूरमध्ये पिढ्यानपिढ्या राहिलेल्या मराठी कुटुंबांची मराठी ही याच प्रयोगभूमीतील एक भाषा आहे. तिच्यात हिंदीची वाक्यवळणे आणि छत्तीसगढीचे शब्द मिसळले असतील, तर ते तिचे वैगुण्य नसून तिचा इतिहास आहे, आणि हिरालाल काव्योपाध्याय यांनी धमतरीत ज्या दृष्टीने छत्तीसगढी ऐकली त्या दृष्टीने ती ऐकली जाणे हा तिचा हक्क आहे. चौबे कॉलनीतील महाराष्ट्र मंडळासारख्या संस्थांनी वयोवृद्ध भाषकांचे बोलणे ध्वनिमुद्रित करून जपावे, विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी ते ध्वनिलिपीत उतरवून त्याचे व्याकरण मांडावे, आणि नागपूर व पुण्याच्या अभ्यासकांनी त्याची आपल्याकडील बोलींशी तुलना करावी. अवधीच्या अभ्यासकाने ज्या विद्यापीठाचा पाया घातला आणि छत्तीसगढी व हल्बीच्या अभ्यासाने ज्याची भाषिक परंपरा समृद्ध झाली, त्या विद्यापीठाच्या दाराशी हे काम आज उभे आहे. आणि ही मराठी बोलणाऱ्या जुन्या पिढीचे बोलणे अजून ऐकता येते, तोवरच हे काम हाती घेतले गेले पाहिजे.